झेंडा उतरायच्या आत

सायकल काही केल्या खोक्यात बसत नव्हती. धैर्यशीलनं पुढचं चाक काढलं, हँडल आडवं केलं, सीट पार खाली दाबली, तरी खोक्याचं झाकण बंद होईना. मी चिकटपट्टी दातांत धरून झाकण दाबत होते आणि नवरा समोर उभा राहून मला शिकवत होता.

"जोर लाव की जरा! चटणीचे डबे भरतीस तसं दाब."

"तू ये इकडं आणि तूच दाब," मी पट्टी धरलेल्या तोंडानं म्हटलं, म्हणजे त्याला काय कळलं असेल ते देव जाणे.

तेवढ्यात उघड्या दारातून मुजावर बाई आत आल्या. त्यांनी एकदा खोक्याकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं पाहिलं, चपला काढल्या आणि सरळ येऊन झाकणावर बसल्या.

"लाव पट्टी," म्हणाल्या.

बाई वजनाला चिमणीएवढ्या, पण झाकण बसलं. शाळेत त्या आम्हाला पी.टी. शिकवायच्या. आठवीत मला पुरुषी सायकलीवर, नळीवरून टांग टाकून, ग्राउंडभर पळवलं ते बाईंनीच. दोन बाळंतपणं झाली, चटणीचा धंदा वाढला, कमरेचा घेर त्याहून वाढला, तेव्हा पुन्हा सायकलीवर बसवलं तेही बाईंनीच. रविवारी पहाटे आम्ही दोघी जोतिबाच्या डोंगराकडं जायचो. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, मी चाळिशीच्या अलीकडं, आणि दर रविवारी वर पोचून माझी वाट बघत बसायच्या त्या.

"या बाई, या," धैर्यशील खुशीत होता. "तुमच्या विद्यार्थिनीला न्यूझीलंडला नेतोय बघा. नुसतं डोंगरात सायकली चालवायच्या. जंगलातनं खास वाटा केल्यात म्हणं त्यांनी."

"चांगलं आहे," बाई मनापासून म्हणाल्या. "तिथं आता उन्हाळा ना? संयू, तुझं जुनं हेल्मेट आहे का गं? एका मुलीला हवंय."

मी माळ्यावरून हेल्मेट काढून दिलं. बाईंनी ते पुसलं, पट्टा ओढून पाहिला.

"तालमीच्या शर्यतीला का? जमल्या पाचजणी?" मी विचारलं.

"जमतील," बाई म्हणाल्या. "तू खुशाल जा. फोटो काढून आण भरपूर."

चहासुद्धा न घेता गेल्या.

आता ही तालमीची शर्यत काय ते सांगते. आमच्या पेठेतली तालीम जुनी, कुस्तीची. तिथले वस्ताद गणपतराव चौगले यांना कुणीतरी सायकलीचं वेड लावलं आणि दर जानेवारीत तालमीतर्फे तीन टप्प्यांची शर्यत सुरू झाली. पहिल्या दिवशी कोल्हापूर ते राधानगरी, दुसऱ्या दिवशी आडवाटांनी गगनबावडा, आणि सव्वीस जानेवारीला पन्हाळगड. रस्ता कमी, माती आणि दगड जास्त. पुरुषांचा गट दरवर्षी फुल्ल. बायकांचा गट कागदावर होता, पण वस्तादांचा नियम कुस्तीच्या मैदानासारखा: मैदानात पाच उतरल्या पाहिजेत आणि तिन्ही दिवस पाच पोचल्या पाहिजेत. एक जरी कमी पडली तर गट बाद, निकाल नाही, बक्षीस नाही.

बाई दरवर्षी पाच नावं गोळा करायच्या आणि दरवर्षी एक गळायचं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सासू पडली, कुणाची परीक्षा आली. एक वर्ष धाकट्याच्या वेळी मीच गळाले. सात वर्षं झाली, बायकांची शर्यत म्हणून झालीच नाही. आणि बाईंचा जीव तिच्यात अडकलेला. एकदा ही शर्यत व्हावी आणि ती आपण जिंकावी, एवढं एकच मागणं. येत्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. गुडघा कुरकुरत होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, घाट आता पुरे. म्हणजे ही शेवटचीच संधी, हे मला माहीत होतं. पण त्या जमतील म्हणाल्या, मी ऐकलं आणि बॅग भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी वस्ताद दुकानात आले. त्यांना आमची कांदा-लसूण चटणी लागते, तीही माझ्या हातची.

"काय वस्ताद, बायका जमल्या का औंदा?" मी सहज विचारलं.

"कुठल्या जमत्यात!" वस्तादांनी हात झटकला. "चारच हायत. एक खोराट्यांची रोहिणी, राधानगरीकडची, लई चपळ पोरगी. दोघी बहिणी इचलकरंजीच्या. आन् तुमची बाई. सांगलीच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्या लेकीला कांजिण्या. संपलं! म्या दरसाल सांगतो, बायका मिळत न्हाईत. पालथ्या घड्यावर पाणी."

माझ्या हातातला चमचा थांबला. "कधी कळलं बाईंना?"

"परवाच की."

म्हणजे काल माझ्या खोक्यावर बसल्या तेव्हा त्यांना माहीत होतं.

"मी म्हणलं तिला, इंगवल्यांच्या सुनंला इचार," वस्ताद चटणीचा वास घेत बोलत होते. "तर माझ्यावरच खेकसली. म्हणाली, तिला ह्यातलं कुणी काही सांगायचं न्हाई. पोरगी जग बघायला चाललीया, तिचा पाय ओढायचा न्हाई."

मला असा राग आला म्हणून सांगू! बाईंचा राग आला, वस्तादांचा आला, त्या कांजिण्यांचासुद्धा आला. विचारलं असतं तर मी चार सबबी सांगून मोकळी झाले असते. तिकिटं काढलीत, व्हिसा झालाय, बाई, पुढच्या वर्षी नक्की. पण त्यांनी विचारलंच नाही, त्यामुळं मला नाही म्हणायची सोयच उरली नाही.

"माझं नाव घाला," मी म्हटलं.

"आँ?"

"नाव घाला, वस्ताद. संयोगिता धैर्यशील इंगवले. पाचवी."

वस्तादांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "वजन करावं लागंल."

"कशाला? कुस्ती खेळायचीय का मला?"

"नियम म्हंजे नियम. समद्यांचं केलंय."

दुकानात मिरचीची पोती मोजायचा काटा होता. त्या काट्यावर, दोन पोत्यांच्या मधे, दोन गिऱ्हाइकांच्या देखत मला उभं केलं त्यांनी. आकडा सांगणार नाही. वस्ताद फक्त "बरं" म्हणाले आणि चटणीचे पैसे देऊन निघून गेले.

घरी मात्र शिमगा झाला.

"खुळी झालीस काय?" धैर्यशील ओरडला. "माणसं न्यूझीलंडला जायला तरसत्यात आणि तू राधानगरीला जाणार? परवा तिथं मटण खायला गेलतो आपण!"

"सायकलीवरनं नव्हतो गेलो."

"अगं, चार वर्षं ठरवतोय आपण हे. तुझ्याशिवाय मी काय करू तिथं?"

"तू जा. तिकीट कशाला वाया घालवायचं?" मी म्हटलं. ही बायकांची बोलायची रीत आहे. याचा अर्थ, तूही जाऊ नकोस, असा होतो. शहाण्या नवऱ्याला तो कळतो.

धैर्यशीलनं रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाला, "बरं, जातो मग."

आणि गेला की! पोरांना आजोळी सोडून, मित्रांबरोबर, माझ्या सायकलीचं खोकं हॉलमध्ये उभं ठेवून. मी त्याला हसत निरोप दिला आणि दार लावून अर्धा तास नुसती आदळआपट केली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मग खोक्याची पट्टी फाडली आणि सायकल जोडायला घेतली.

बाईंना कळलं तेव्हा त्या घरी आल्या नाहीत. फोन केला. मी धैर्यशील, तिकीट, वजनकाटा सगळं सांगत सुटले.

"बाई, ऐकताय ना?"

"उद्यापासून रोज पहाटे पाचला. चढ तुझा फार वाईट आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण त्यांचा आवाज ओला होता.

शर्यतीच्या पहिल्या दिवशी पाचजणी रांगेत उभ्या राहिलो. हलगी वाजत होती. निवेदक माइकवरून पुरुषांची नावं घेऊन दमला होता, आमच्या वेळी म्हणाला, "आणि आपल्या भगिनी!" बाई सुरुवातीच्या रेषेकडं नुसत्या बघत राहिल्या होत्या. सात वर्षं ज्या रेषेवर त्यांना कुणी उभं राहू दिलं नव्हतं, ती चुन्याची साधी रेघ.

मला वाटलं होतं बाई निदान पहिला तासभर माझ्याबरोबर राहतील. कसचं काय! हलगी वाजली आणि बाई आणि रोहिणी अशा सुटल्या, की मला त्यांची पाठसुद्धा दिसली नाही. रोहिणी एकोणीस वर्षांची, उसाच्या शेतातल्या वाटांवर वाढलेली. चढावर ती बाईंना मागं टाकायची. पण उतार आणि खडकाळ वाट आली की बाई! मी दुसऱ्या दिवशी एका वळणावरून खालच्या खिंडीत त्यांना बघितलं. वाट अशी, की मी सायकल हातात धरून चालत होते. आणि बाई पेडलवर उभ्या राहून, कमरेतून नुसत्या डुलत, दगड चुकवत, ब्रेकला हात न लावता उतरत होत्या. पाण्यात मासोळी जाते तशा. माझं चालणंच थांबलं. ह्या बाईला मी इतकी वर्षं ओळखते आणि मला काहीच माहीत नव्हतं, असं वाटलं.

गगनबावड्याला पोचले तेव्हा सगळ्यांच्या अंघोळी होऊन जेवणं चालली होती. मी अर्थातच पाचवी.

"आलीस?" बाई म्हणाल्या. "शाब्बास. गुडघ्यातून जोर लावतेस, मांडीतून लाव."

दोन दिवस मिळून बाई रोहिणीच्या थोड्याशा पुढं होत्या. अगदी थोड्या. रोहिणी त्यांच्या शेजारी बसून भाकरी खात होती. "उद्या पन्हाळ्याच्या चढाला मी तुमास्नी सोडत न्हाई, बाई," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी ही पोरगी 'मी जातो, मी येतो' अशीच बोलायची.

"सोडू नकोसच," बाई म्हणाल्या. "सोडलंस तर कान धरीन."

संध्याकाळी धैर्यशीलचा फोटो आला. हिरवीगार टेकडी, निळं तळं, आणि हा दात काढून सायकलीवर. मी धुळीनं माखलेल्या माझ्या पायांचा फोटो पाठवला. त्यानं विचारलं, हे काय आहे?

सव्वीस तारखेला सकाळी गगनबावड्याच्या शाळेत झेंडावंदन केलं आणि निघालो. आदल्या रात्री वस्तादांनी सगळ्यांना बजावलं होतं, "पन्हाळ्यावर आपल्या मांडवापुढं झेंडा लावलाय. सूर्य मावळायच्या आत तो उतरवावा लागतो. झेंडा उतरला की शर्यत बंद. मग माझा सख्खा भाऊ जरी मागं राहिला असंल, तरी तो बाद."

त्या दिवशी मात्र माझे पाय मांडीतून चालले. इचलकरंजीच्या धाकट्या बहिणीला मी दुपारी गाठलंसुद्धा, मग ती पुन्हा पुढं गेली. पन्हाळ्याच्या पायथ्याला माळवाडी लागते. तिथून डांबरी घाट सुरू. गावात शिरले आणि समोर बघते तर वळणावर बायकांचा घोळका. मधे रस्त्यात बाई बसलेल्या. सायकल आडवी.

झालं होतं असं. दुपारी पुरुषांचा गट माळवाडीतून गेला तेव्हा गावाला कळलं की मागून बायकाही येतायत. बायका! सायकलीवर! गावातल्या बायकांना राहवलं नाही. त्यांनी वेशीपासून वळणापर्यंत रस्ता झाडला, शेणाचा सडा घातला आणि त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत रांगोळी काढली. लेकी माहेराला येताना काढावी तशी. आरतीची ताटं घेऊन उभ्या राहिल्या. आणि डांबरावरच्या त्या ओल्या सड्यावर, भर वेगात, सगळ्यात पुढं असलेल्या बाईंची सायकल घसरली.

बाईंचा उजवा हात मनगटाच्या वर भलत्याच दिशेला वळला होता. गावातल्या एकीनं आपला पदर फाडून तो गळ्यात बांधला होता. बाकीच्या तोंडात पदर धरून रडत होत्या.

"आमी घात केला वं बाई तुमचा!" एक म्हातारी कपाळावर हात मारत होती.

"गप्प बसा, आजी," बाईंच्या ओठांचा रंग उडाला होता, पण आवाज वर्गातला होता. "घात कुणी नाही केला. तुमची एवढी सुंदर रांगोळी मीच मोडली."

मी सायकल टाकून धावले. तेवढ्यात मागून वस्तादांची जीप आली. त्यांनी हात बघितला आणि पैलवान माणसाचा चेहरा एकदम पडला.

"हाड मोडलंय. चला, बाई, बसा जीपमधी. दवाखाना."

"मी बसले तर किती राहतात?" बाईंनी विचारलं.

वस्तादांनी चार बोटं वर केली.

"रोहिणी कुठं आहे?" मी विचारलं.

"वर. मी पडले तेव्हा मागंच होती. थांबायला लागली, तिला हाकललं, मागून आलेल्या दोघी बहिणींनाही. आता पहिली येईल ती."

"मग झालं की!" वस्ताद कळवळून म्हणाले. "बाई, तुमचा नंबर तर गेलाच. आता कुणासाठी वर जाताय?"

"वस्ताद, मी वर गेले तर ती पहिली. नाही गेले तर ती कोण? तिच्या घरी जाऊन काय सांगणार, पोरगी जोरात आली पण शर्यतच नव्हती?"

वस्तादांनी फेटा काढून हातात घेतला. त्यांना नियम मोडताना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या वेळी मोडायला निघाले. "ऐका माझं. मी सांगतो, चौघींचा गट धरू. माझी तालीम, माझा नियम. मी बदलला. कोण बोलत न्हाई."

मी बाईंकडं बघितलं. मला वाटलं, सुटलो.

"नाही," बाई म्हणाल्या. "आज तुम्ही कनवाळूपणानं सोडाल. पुढच्या वर्षी हेच लोक म्हणतील, बायकांची काय शर्यत, त्यांना सवलतीनं घेतलं होतं. पाच म्हणजे पाच. चालत गेलेलं चालतं ना?"

"चालतं," वस्ताद पुटपुटले. "पर सायकल आपली आपण न्यायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

"नाही लावणार." बाई उठल्या. एकदा झोक गेला, मी पुढं झाले, तर डोळे वटारले. "हात लावू नकोस! ऐकलं नाहीस का नियम? आणि तू इथं काय करतेस? चल, हो पुढं!"

"बाई, मी तुमच्याबरोबर चालते. मागंमागं. हात नाही लावत."

"अजिबात नाही. तुला चढावर पेटके येतात. तू रेंगाळलीस आणि तूच राहिलीस तर? मी हात मोडून वर जायचं आणि तू पोचायची नाहीस? आधी तू पोच. तू पोचलीस की मला एकीची काळजी कमी."

"पण बाई…"

"संयोगिता!"

पूर्ण नावानं हाक मारली की शाळेत आमच्या पाठीचा कणा सरळ व्हायचा. चाळिशीला टेकलेली मी, धंदा चालवणारी, दोन पोरांची आई, सायकलीवर बसले आणि घाट चढायला लागले. रडत चढले. डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं. वाटेत इचलकरंजीची धाकटी पुन्हा भेटली, पायात गोळे येऊन कडेला बसली होती. तिला सांगितलं, बाई मोडक्या हातानं चालत वर येतायत. ती उठली आणि पुढं निघाली. मला परत सापडलीच नाही.

मी पोचले तेव्हा मांडवात पुरुषांची बक्षिसं वाटून झाली होती. प्रमुख पाहुणे निघून गेले होते. खुर्च्या उचलणं चाललं होतं. रोहिणी रेषेवर सायकल धरून उभी होती, तासाभरापासून.

"बाई?" ती म्हणाली.

"येतायत. चालत."

तिनं सायकल वळवली. "मी खाली जातो."

"जाऊन काय करणार? हात लावायचा नाही."

"मी थांबलो हुतो वं ताई त्यांच्याजवळ," रोहिणी म्हणाली. "तर त्यांनी मला शिवी दिली!"

"बाईंनी? शिवी?"

"देवाशपथ."

इतकी वाईट वेळ, पण मला हसू आलं, मग तिलाही आलं, आणि दोघी एकमेकींना धरून रडायला लागलो.

सूर्य खाली खाली चालला. हलगीवाले गुंडाळून निघाले होते, वस्तादांनी त्यांना थांबवलं. जीप बाईंच्या मागं हळूहळू येत होती, म्हणून वस्ताद मधल्या पायवाटेनं आधी वर आले होते. त्यांना झेंड्यापाशी असायला हवं होतं. त्यांनी पश्चिमेकडं पाहिलं. दरीपलीकडच्या डोंगराला सूर्य टेकायला वीतभर उरला होता. मग त्यांनी खांबाच्या दोरीची गाठ सोडली आणि दोरी हातात धरून उभे राहिले. झेंड्याच्या बाबतीत त्यांना थोडं थांबा म्हणायची कुणाची छाती होती?

तेवढ्यात गडाच्या दरवाज्याच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं.

वळणावरून बाई आल्या. डाव्या हातानं सायकलीचं हँडल धरलेलं, उजवा गळ्यात, लुगड्याच्या फाटक्या पदरात. सायकल सारखी त्यांच्या अंगावर कलत होती आणि त्या मांडीनं तिला परत सरळ करत होत्या. आणि त्यांच्या मागं, चार हात अंतर ठेवून, माळवाडीच्या बायका. पंधरा-वीस तरी होत्या. म्हातारीसुद्धा होती. कुणाच्या पायात चपला होत्या, कुणाच्या नव्हत्या. सगळा घाट त्या बाईंच्या मागून चढल्या होत्या आणि एकीनंही सायकलीला बोट लावलं नव्हतं. मदत करता येत नाही म्हटल्यावर नुसत्या चालल्या होत्या. बोलत नव्हत्या, रडत नव्हत्या. फक्त बाई थांबल्या की थांबायच्या आणि बाई निघाल्या की निघायच्या.

हलगी कुणी सांगितलं नाही तरी कडाडली. खुर्च्या उचलणारी माणसं खुर्च्या टाकून रेषेपाशी आली. आम्ही चौघी रेषेच्या अलीकडं, पाय बांधल्यासारख्या. शेवटची दहा पावलं बाईंना फार जड गेली. सायकल एकदा पूर्ण आडवी झाली. बाई वाकल्या, डाव्या हातानं ती उचलली आणि रेषेच्या आत आणली.

वस्तादांनी झेंडा उतरवायला सुरुवात केली. सगळे सावधान उभे राहिले. बाईसुद्धा. मग वस्तादांनी झेंड्याची घडी केली, ती छातीशी धरली आणि माइक हातात घेतला. त्यांना दोनदा खाकरावं लागलं.

"महिला गट," ते म्हणाले. "पाच उतरल्या, पाच पोचल्या. गट मान्य! पहिली, रोहिणी तुकाराम खोराटे."

आजवर आमच्या शर्यतीत तीनच नंबर पुकारले जात. वस्ताद थांबले नाहीत. दुसरी, तिसरी, चौथी असं सगळं वाचलं. चौथी मी. आणि मग, "पाचवी, नसीम दस्तगीर मुजावर," म्हटल्यावर जो गलका झाला, तो पहिल्या नंबराला झाला नव्हता. पहिल्या नंबराचा म्हणून डोक्याला बांधलेला फेटा रोहिणीनं काढला आणि बाईंना द्यायला गेली. बाईंनी तिचा हात झटकला.

"वेडी आहेस का? तुझा आहे तो. नीट बांध आधी, सुटलाय."

जीपमधून दवाखान्यात जाताना बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होत्या, पण हूं की चूं नाही. मला सारखं भरून येत होतं. शेवटी बोललेच, "बाई, सात वर्षं वाट बघितलीत. आणि जिंकत आलेली शर्यत गेली हो तुमची."

"अगं, सात वर्षं शर्यतच नव्हती," बाई म्हणाल्या. "जाईल कुठून? आज पहिल्यांदा झाली."

तेवढ्यात माझा फोन वाजला. धैर्यशील. तिकडं मध्यरात्र उलटून गेलेली, झोप न येऊन उठला असणार.

"कितवी आलीस?" त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं.

"चौथी."

"पाचांत चौथी?" तो हसायला लागला. "आणि त्यासाठी न्यूझीलंड सोडलंस? धन्य आहे बाई तुझी!"

त्याचा आवाज जीपभर ऐकू येत होता. बाईंनी धडधाकट हात पुढं केला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"धैर्यशीलराव, मुजावर बाई बोलतेय. ही कितवी आली ते विचारू नका. ही आली, म्हणून आज पहिली कोण ते सांगता आलं."

मी खिडकीकडं तोंड केलं आणि पदर नसल्यामुळं जर्सीनंच डोळे पुसले.

"बरं, ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "न्यूझीलंड कसं आहे? सांगा बघू सगळं."

आणि दवाखाना येईपर्यंत, मोडका हात मांडीवर घेऊन, त्या अगदी मन लावून ऐकत राहिल्या.